देह गहाण ठेवता येईल काय?

ह्या आठवड्याचा पाठ नहेम्याच्या पुस्तकातील पाचव्या अध्यायाच्या पहिल्या तेरा वचनांवर आहे. पाठ वाचण्यापूर्वी हा अध्याय घरात एकदा मोठ्याने वाचावा. ज्या वडीलधाऱ्यांस अक्षरओळख नाही त्यांस मुलांनी वाचून दाखवावा. सोबत लेवीय ह्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय, एकोणचाळिसाव्या वचनापासून त्रेचाळिसाव्यापर्यंत, आणि करिंथकरांस पहिल्या पत्रातील सहाव्या अध्यायाचा शेवटचा भाग पाहावा.

हा विषय घेण्याचे कारण आपल्या जिल्ह्यातच घडले आहे. २०२३ सालच्या नोव्हेंबर महिन्यात हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव येथील दहा शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांस उद्देशून एक निवेदन केले. त्या वर्षी पावसाने ऐन हंगामात ओढ दिली होती, सोयाबीनवर पिवळ्या मोझॅकचा रोग पडला होता, आणि जे काही पदरात पडले त्यास बाजारात भाव नव्हता. पीककर्ज फेडण्यास दुसरा मार्ग उरला नाही, सबब आमचे अवयव विकत घ्यावेत आणि बँकेचे देणे भागवावे, असा त्या निवेदनाचा आशय होता. मूत्रपिंड, यकृत, डोळे ह्यांच्यापुढे रुपयांचे आकडे मांडले होते. ते आकडे त्या वेळी वर्तमानपत्रांतून आले. आम्ही ते येथे मुद्दाम देत नाही. बाजार समितीच्या फलकावर हळद आणि सोयाबीन ह्यांच्या खाली माणसाच्या डोळ्याचा भाव लिहावा, अशी ती गोष्ट आहे. आणि वाचणाऱ्याच्या काळजाला तसाच चटका बसावा, हाच लिहिणाऱ्यांचा हेतू असला पाहिजे.

पुष्कळांनी ती बातमी सरकारला लाजविण्याची एक युक्ती एवढेच समजून पान उलटले. मंडळीने तसे करू नये. त्या कागदाच्या पोटात एक खरा प्रश्न आहे, आणि तो आपल्यापैकी अनेकांच्या मनात कधी ना कधी येऊन गेला आहे. देह माझा, देणेही माझे. मग एकाने दुसरे फेडावे, ह्यात आड येणारा कोण?

प्रथम राजसत्ता काय म्हणते ते पाहू. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला, आणि तो ज्या राज्यांच्या विधिमंडळांनी मागितला त्यांत आपले महाराष्ट्र राज्य होते. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो येथे चालू आहे. अवयवाबद्दल पैसे देणारा, घेणारा आणि मधला दलाल हे तिघेही त्यात गुन्हेगार आहेत. इतकेच काय, पैसे घेऊन अवयव देण्याची तयारी दाखविणे हाही गुन्हाच. २०११ साली दुरुस्ती होऊन ही शिक्षा पाच ते दहा वर्षांचा कारावास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी वाढविण्यात आली. परंतु हाच कायदा आईला आपले मूत्रपिंड मुलास देऊ देतो. नातवाने आजोबास द्यावे, नवऱ्याने बायकोस द्यावे, ह्यास त्याची हरकत नाही. दूरच्या माणसाने केवळ ममतेने द्यावयाचे झाल्यास एक समिती चौकशी करते आणि मग परवानगी देते. म्हणजे देण्याची वाट कायद्याने खुली ठेविली, विकण्याची बंद केली.

ह्यावर एखादा विचारी मनुष्य आक्षेप घेईल, आणि त्याचे म्हणणे आपण नीट ऐकून घेतले पाहिजे. तो म्हणेल, गरीब मनुष्य रोजच देह विकतो. विहिरीत उतरून सुरुंग लावणारा, विजेच्या खांबावर चढणारा, सहा महिने उसाच्या फडात पाचटाने अंग कापून घेणारा, हे सर्व पोटासाठी शरीर धोक्यात घालतातच; त्यांस कोणी अडवीत नाही. श्रीमंताने हौसेखातर भरधाव मोटारी पळवून हाडे मोडून घेतली तरी ती त्याची मर्जी. मग गरिबाजवळ विकण्याजोगी एकच वस्तू उरली असता तेवढीच तुम्ही कुलूपबंद का करता? ही दया की वरून बसलेला आणखी एक जुलूम?

हा आक्षेप पोकळ नाही. देवाने मनुष्यास निवड करण्याची मोकळीक खरीच दिली आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बापाने वाटणी अडवून धरली नाही. मुलगा ती कोठे घालवील हे त्यास दिसत नसेल काय? तरी त्याने वाटा दिला आणि जाऊ दिले. तेव्हा, तुला तुझे बरे-वाईट कळत नाही असे म्हणून गरिबाचा हात धरणे, हे ख्रिस्ती मनुष्याचे उत्तर होऊ शकत नाही. पवित्र शास्त्राचे उत्तर निराळे आहे.

लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात असा प्रसंग आहे की, एखादा भाऊ दरिद्री होऊन स्वतःलाच विकतो. त्यास गुलामासारखे राबवू नये, मजुरासारखे आपल्या घरी ठेवावे आणि योबेल वर्षी मुलांबाळांसह मोकळे सोडावे, अशी आज्ञा आहे. आज्ञेचे कारण मात्र लक्ष देऊन पाहावे. तो मनुष्य मूर्ख होता किंवा फसला होता, असे तेथे म्हटलेले नाही. ह्या लोकांस मी मिसर देशातून बाहेर आणिले, ते माझे दास आहेत, म्हणून त्यांस गुलाम म्हणून विकता यावयाचे नाही, असे परमेश्वर सांगतो. ज्या शेताचा सातबारा एकाच्या नावे आहे ते दुसरा कोणी विकू लागला, तर आपण त्यास काय म्हणतो? माणसाच्या बाबतीत मूळ मालकाची नोंद अगोदरच झालेली आहे.

करिंथ येथे काही लोकांनी घोषणाच केली होती की, आम्हांस सर्व गोष्टींची मोकळीक आहे. पौलाने ती मोकळीक नाकारली नाही. एवढेच विचारले की, ती हिताची आहे काय, आणि तिच्यापायी मी कोणा दुसऱ्याच्या ताब्यात जात नाही ना? पुढे तो म्हणतो की, तुमचा देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, तुम्ही स्वतःच्या मालकीचे नाही, तुम्हांसाठी मोल दिलेले आहे. ही वचने पौलाने जारकर्माविषयी लिहिली, कर्जाविषयी नव्हेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु त्याने दिलेले कारण सबंध देहास लागते. त्यातून मूत्रपिंड तेवढे वगळता येत नाही.

आता कोणी म्हणेल, हे धर्माचे झाले. कर्जबाजारी मनुष्य कर्जातून तरी सुटतो ना? सुटत नाही. २००२ साली अमेरिकेच्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात चेन्नई येथील ३०५ मूत्रपिंड विकणाऱ्यांची चौकशी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी शेकडा ९६ जणांनी कर्ज फेडण्यासाठीच विक्री केली होती. विक्रीला सरासरी सहा वर्षे लोटल्यावर त्यांस गाठून विचारले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश लोक अजून कर्जातच होते. त्यांच्या घरची मिळकत एक तृतीयांशाने घटली होती, आणि शेकडा ८६ जणांनी प्रकृती खालावल्याचे सांगितले. ह्याचा उलगडा कठीण नाही. कष्टाचे शरीर हेच ज्याचे भांडवल, त्याने ते मोडून व्याज फेडले. मग मुद्दल फेडावयास कमावणार कोण? आपल्या उत्तरेस वाशीमपलीकडे अकोला आहे. तेथे २०१५ साली सावकारी कर्जाच्या दडपणाखाली मूत्रपिंड काढून देण्याचे प्रकरण पोलिसांपुढे आले. म्हणजे गोरेगावच्या कागदावर जे लिहिले गेले, ते शेजारी आधीच घडून चुकले होते.

आता नहेम्याकडे वळू. ख्रिस्तापूर्वी ४४५ व्या वर्षी तो यरुशलेमेचा कोट बांधावयास आला. कोट अर्धा झाला तोच भिंतीवर काम करणाऱ्या माणसांची आणि त्यांच्या बायकांची मोठी ओरड उठली. बायकांचा उल्लेख शास्त्राने मुद्दाम केला आहे. घरात पीठ संपल्याचे प्रथम त्यांसच कळते. ओरड तीन तऱ्हेची होती. कोणी म्हणत, तोंडे पुष्कळ आहेत, खावयास धान्य पाहिजे. कोणी दुष्काळात धान्यासाठी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकिली होती. कोणी राजाचा सारा भरण्यास कर्ज काढिले होते. आणि शेवटचे वाक्य सर्वांत कठीण: आमचे मांस आमच्या भाऊबंदांच्या मांसासारखेच असता आम्ही आपल्या मुलामुलींस दास्यात देत आहो, काही मुली गेल्याही आहेत, आणि आमच्या हाती काही उरलेले नाही.

हे ऐकून नहेम्यास क्रोध आला. परंतु क्रोध आला त्याच क्षणी तो बोलला नाही. त्याने आपल्या मनाशी विचार केला, असे लिहिले आहे. मग तो कर्ज काढणाऱ्यांस रागे भरला काय? त्यांनी बेताने खर्च करावयास पाहिजे होता, असे व्याख्यान त्याने दिले काय? नाही. त्याने सरदारांस व अधिकाऱ्यांस पुढे बोलाविले आणि त्यांच्याविरुद्ध मोठी सभा भरविली. विदेश्यांस विकलेले आपले भाऊ आपण सोडवून आणिले, आणि तुम्ही त्यांस पुन्हा विकता काय, असे विचारिले. त्यांस उत्तर सुचले नाही. ह्यानंतरचे वचन पुष्कळ वाचक घाईने ओलांडतात. आपण, आपले भाऊ आणि आपले चाकर ह्यांनीही पैसा व धान्य उसने दिले आहे, असे नहेम्याने भर सभेत सांगितले. दुसऱ्यांस दोष देताना त्याने स्वतःस बाहेर ठेविले नाही. शेते, मळे, घरे आजच्या आज परत करा, आणि पैशावर घेतलेला शतांशही परत करा, असे तो म्हणाला. हा शतांश दरमहाचा असावा असे अनेक टीकाकार मानितात. म्हणजे शेकडा एक रुपया महिना. आपल्याकडे खाजगी सावकार शेकडा तीन आणि पाच रुपये सर्रास घेतो, आणि घेणाराही त्यास रीतच समजतो!

नहेम्याच्या नजरेत जोखीम एकट्या शेतकऱ्याची नव्हती. पाऊस पडला नाही, राजाने सारा सोडला नाही, आणि शेजाऱ्याने अडचण पाहून व्याज लाविले. ह्या तिहींपैकी एकच गोष्ट सभेच्या हातात होती, ती त्याने सभेकडून करून घेतली.

ऋण मालमत्तेवर बसावे, माणसाच्या जिवावर बसू नये, ही मर्यादा मोशेच्या नियमशास्त्राने फार पूर्वी घातली. अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात सावकाराने जाते किंवा जात्याची वरची तळी गहाण घेऊ नये असे आहे, कारण ते जीवच गहाण घेणे होय. आपल्याकडे हा विचार कायद्यात यावयास पुष्कळ काळ लागला. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळिले, त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा झाला आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास तुरुंगात घालणे बंद झाले. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात असल्यामुळे त्या कायद्याची सावली येथवर पडली नाही. पुढे १९०८ च्या दिवाणी कायद्याच्या साठाव्या कलमाने जप्तीतून काय सोडावे ते सांगितले. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, शेतकऱ्याची औते, बैल, बियाणे, आणि धर्माच्या रिवाजाप्रमाणे स्त्री जो दागिना उतरवीत नाही तो. ते कलम वाचताना जात्याचे वचन आठवल्यावाचून राहत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्याने तर कर्जापायी माणसाने स्वतःस बांधून देण्याचा करारच रद्द ठरविला. तरी दसऱ्याच्या आसपास आपल्या खेड्यांतून मुकादम उचल वाटीत फिरतो, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरितो, आणि उचल फिटेपर्यंत ते जोडपे फड सोडू शकत नाही, हे कोणास ठाऊक नाही?

इतके सांगितल्यावर कर्ज घेणाऱ्याची काही जबाबदारीच नाही, असे कोणी समजू नये. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक साधा नियम आहे: नवे घर बांधशील तेव्हा धाब्यास कठडा कर; कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. ज्यांची घरे माळवदाची आहेत त्यांस हा नियम समजावून सांगावा लागत नाही. माळवदावर मिरच्या वाळतात, उन्हाळ्यात पोरे निजतात, शेजारीण बोलावयास येते. घर तुझे, माळवद तुझे, काठाशी उभे राहण्याची छातीही तुझीच असेल. पण पडणारा बहुधा दुसराच असतो. म्हणून कठडा मर्जीवर सोडलेला नाही.

कर्जाच्या काठाशी असेच असते. पहिली बोअर कोरडी गेली, दुसरी गेली, आणि तिसरीसाठी बायकोच्या अंगावरचे सोने मोडावयाचे, तेव्हा तिला विचारले काय? एका सरीवर मूठ धरून धूळपेरणी केली. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा, असे कृषी खाते दरवर्षी सांगते ते ऐकले नाही. तर दुबार पेरणीचे बियाणे आभाळावर लिहिता येत नाही. लग्नात गावजेवण घातले, त्याचे हप्ते धाकट्या भावाच्या शिक्षणातून गेले. बुरूज बांधणाऱ्याने अगोदर बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि त्यातला 'बसून' हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. बँकेच्या दारात उभ्याउभ्या अंगठा करणाऱ्यास तो लागू आहे. जामीन राहण्याविषयी नीतिसूत्रांचा सहावा अध्याय तर इतका कडक आहे की, मित्रासाठी शब्द देऊन अडकला असशील तर झोप घेऊ नकोस, आधी जाऊन स्वतःस सोडवून घे, असे तो सांगतो. मैत्रीच्या भिडेने सही करणारे पंच आपल्यांतही आहेत.

एक गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते, ती येथे उघड बोलणे भाग आहे. आपण गेल्यावर कर्ज मिटेल आणि लेकरे सुटतील, असा विचार काहींच्या मनात येतो. मराठवाड्यात ह्या विचाराने किती घरे ओस पडली हे सांगावयास नको. तो हिशेबही चुकीचा आहे. जमिनीबरोबर तिच्यावरचा बोजा वारसांकडे जातोच, आणि कमावता हात मात्र जातो. ज्याच्या मनात असे काही येत असेल त्याने त्याच रात्री कोणास तरी उठवावे. पाळकास उठविण्याचा संकोच नको. तो त्यासाठीच आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारची टेलिमानस सेवा रात्रंदिवस, फुकट आणि मराठीत बोलते, हेही मंडळीच्या दारावर लिहून लावावे.

पंचांनी आणखी थोडे करावे. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत लागली तर पीककर्जाचे पुनर्गठन करून मुदत वाढवून मिळू शकते. पण त्यासाठी वेळेत बँकेत जावे लागते, आणि लाजेने घरात बसलेला मनुष्य जात नाही. त्याच्याबरोबर एखाद्या शिकलेल्या मुलाने जावे. विनापरवाना सावकारी करणाऱ्याविरुद्ध २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे. त्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करिता येतो. आणि मंडळीतलाच कोणी बांधव शेकडा पाचाने पैसे फिरवीत असेल, तर त्यास प्रभुभोजनापूर्वी एकांती नहेम्याचा पाचवा अध्याय वाचून दाखवावा. हे काम सावकारी अर्जाहून अवघड आहे, हे आम्ही जाणतो.

बुधवारच्या प्रार्थनासभेत ह्या पाठाबरोबर २ राजे ह्या पुस्तकाचा चौथा अध्याय घ्यावा. संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी एकाची विधवा अलीशाकडे आली. सावकार तिच्या दोन मुलांस दास करून नेण्यासाठी आला होता. अलीशाने तिला दोन गोष्टी विचारिल्या: मी तुझ्यासाठी काय करू, आणि तुझ्या घरात काय आहे? घरात तेलाच्या एका कुपीवाचून काही नव्हते. तेव्हा त्याने तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास लाविले, आणि थोडी आणू नकोस असे बजाविले. शेजाऱ्यांनी ती दिली. तिने दार लावून घेतले, मुले भांडी पुढे करीत गेली आणि ती ओतीत गेली. भांडी संपली तेव्हा तेल थांबले. मग अलीशा म्हणाला की, तेल विकून आधी देणे फेड, आणि जे उरेल त्यावर तू व तुझे मुलगे निर्वाह करा.